नवा गेम पुरेपूर खेळून चांगल्या भावात विकायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) डिस्कवाला आहे, नवा गेम ४,९९९ ला घेता, तीन-चार महिन्यांनी विकायला काढता तेव्हा निम्मेही पैसे येत नाहीत आणि गेम तर अर्धाच खेळून झालेला असतो. माझ्या मते घोळ विकण्यात नाही, घेण्याच्या वेळेत आहे.

गेम बाजारात आल्यावर पहिले तीन-चार आठवडे वापरलेल्या डिस्कला सगळ्यात चांगला भाव असतो, कारण तेव्हा विकणारे कमी आणि मागणारे जास्त. मोठा फटका बसतो तो नव्या सीलबंद डिस्कवर सूट लागली की. दिवाळीचे सेल, नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे आणि मे-जूनच्या सुमाराचा प्लेस्टेशनचा ‘डेज ऑफ प्ले’, या तारखा डोक्यात ठेवा. सीलबंद डिस्क २,९९९ ला मिळू लागल्यावर वापरलेलीचे २,५०० कोणी देत नाही. समजा ४,९९९ चा गेम महिन्याभरात ३,७०० ला गेला, तर तुमचा खर्च १,३०० च्या आत. सहा महिन्यांनी २,००० ला गेला तर तोच खर्च ३,०००. खेळलेले तास दोन्हीकडे तेवढेच.

म्हणून घेण्याआधी गेमची लांबी बघा. ‘हाऊ लाँग टू बीट’ या साइटवर फक्त मुख्य कथा, कथा आणि बाकीची कामं, आणि सगळं शंभर टक्के, असे तिन्ही आकडे मिळतात. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ची कथा साधारण १७-१८ तासांची, रोज दीड तास दिलात तर दोन आठवड्यांत हातावेगळी. ‘एल्डन रिंग’ला साठेक तास सहज लागतात. बोरिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्याला रात्री तासभरच मिळत असेल तर तिथेच दोन महिने गेले. असे लांबलचक गेम पहिल्या दिवशी घेऊच नका. भाव खाली येऊन स्थिरावला की वापरलेली डिस्क घ्या, निवांत खेळा आणि थोड्याफार फरकाने परत विका. पहिल्या दिवसाचे पैसे फक्त आटोपशीर गेमवर घाला, तेही पुढचे तीन आठवडे मोकळे असतील तरच. परीक्षा, लग्नसराई, गणपती समोर असताना घेतलेला गेम पडून राहतो आणि भाव मात्र उतरत जातो. आधीचा गेम संपल्याशिवाय दुसरा आणायचा नाही, हे तर पक्कं.

डिस्क घरी येण्याआधी कन्सोलवर जागा करून ठेवा. पहिल्या पीएस५ मधल्या ८२५ जीबीपैकी वापरायला ६६७ च्या आसपासच मिळतात, आणि पहिल्या दिवशीचा पॅच (इंटरनेटवरून उतरवायची दुरुस्ती) कित्येकदा दहा-वीस जीबींचा असतो. तो रात्री लावून ठेवा.

खेळताना ट्रॉफींची (गेममधली ठरावीक कामं केल्यावर अकाउंटवर जमा होणारी बक्षिसं) सगळी यादी वाचत बसू नका, पण ‘नंतर मिळणार नाही’ अशा कोणत्या आहेत तेवढं आधीच बघा. दुसऱ्यांदा पूर्ण खेळावं लागतं ते बहुतेक यांच्याचपायी. ‘एल्डन रिंग’च्या प्लॅटिनमला, म्हणजे बाकी सगळ्या ट्रॉफी जमल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला, तीन वेगळे शेवट लागतात. तिथे शेवटचा निर्णय घेण्याआधी सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद) क्लाउडवर चढवतात, एक शेवट पाहतात, सेव्ह परत उतरवतात आणि दुसरा घेतात. यासाठी प्लेस्टेशन प्लस ही पैसे भरून घ्यायची सदस्यता लागते, कारण पीएस५ च्या गेमचा सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येत नाही. आपोआप अपलोड होणं आधी बंद करा, नाहीतर नवा सेव्ह जुन्यावर बसतो आणि सगळी मेहनत पाण्यात.

डिस्क विकली तरी सेव्ह कन्सोलवर राहतो आणि ट्रॉफी तुमच्या अकाउंटवर. याचा फायदा घ्या. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, न्यू गेम प्लस (कमावलेली ताकद घेऊन कथा पुन्हा पहिल्यापासून) एप्रिल २०२३ मध्ये आणि ‘वल्हाला’ हा मोफत भाग डिसेंबर २०२३ मध्ये. त्यासाठी वर्षभर डिस्क अडकवून ठेवायची गरज नसते. नवा भाग येतो तेव्हा तीच डिस्क स्वस्तात परत मिळते. फक्त त्याच प्रदेशाची घ्या. बाहेरून आलेल्या अमेरिकन डिस्क गेम चालवतात, पण भारतीय अकाउंटवर घेतलेलं डीएलसी (गेमचा वेगळा उतरवायचा जादा भाग) त्यांना लागू होत नाही आणि जुना सेव्हही बऱ्याचदा ओळखला जात नाही.

दरवर्षी नवा येणारा फुटबॉल गेम सप्टेंबरअखेर जुना होतो, तो जुलैच्या आत काढा. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमना घाई नको, त्यांचा भाव फार टिकतो.

विकण्याआधी गेम डिलीट करा, इंटरनेट बंद करा आणि डिस्कवरून पुन्हा इन्स्टॉल करा. डिस्क सगळी वाचली जाते की नाही याची ही खरी परीक्षा; नुसता आयकॉन दिसणं पुरेसं नाही. सेव्ह याने जात नाही. बोटांचे ठसे मायक्रोफायबरने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्ट लावणं किंवा पॉलिश करून घेणं विसरा: ही डिस्क ब्लू-रे असते आणि तिचा डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीचा ०.६. डीव्हीडीवर खपून जाणारं घासणं इथे डिस्क कायमची घालवतं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत डिस्कच्या केसमधला (प्लास्टिकच्या डबीतला) छापील कागद फुगतो आणि भाव पडतो, म्हणून केस झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

लॅमिंग्टन रोडचा (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दुकानदार पुढे विकून नफा काढणार, त्यामुळे थेट गिऱ्हाइकापेक्षा कमीच देणार. रोख पैशांपेक्षा बदल्यात दुसरा गेम घेतलात तर तिथे बरा भाव मिळतो. थेट विकताना दादर किंवा घाटकोपरसारख्या दोघांना सोयीच्या स्टेशनवर, दिवसा, तिकीट खिडकीजवळ भेटा. पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. एसएमएस किंवा समोरच्याचा स्क्रीनशॉट धरू नका. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. ‘मी फौजेत आहे, माणूस पाठवतो, आधी हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा.

गेमसोबत आलेला एकदाच चालणारा कोड तुम्ही वापरला असेल तर ते जाहिरातीतच लिहा, आणि ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’सारखा दोन डिस्कचा गेम असेल तर दोन्ही एकत्र दाखवा. कुरिअरने पाठवताना डिस्क मधल्या खुंटीवरून सुटून केसमध्ये घासली जाते. डिस्क आणि झाकणामध्ये मऊ टिश्यूची घडी ठेवा, केसला बबल रॅप गुंडाळा आणि पाकीट न वापरता खोक्यात घाला.