आजोबांची पद्मिनी, एनईचं इंजिन आणि अकरावीतला पोरगा

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, तुम्ही जुळे सोलापूरच्या, मुलगा अकरावी सायन्सला, फिजिक्समध्ये काठावर पास, कॉलेज बुडवून विजापूर रोडच्या बाजूला एका गॅरेजात जाऊन बसतो. घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आठ-नऊ वर्षं एका जागी उभी आहे, त्यात त्याला 118 एनई ह्या दुसऱ्या जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचाय. मिस्त्री म्हणतो पंधरा दिवसात करून देतो, आजोबा म्हणतात पैसे मी देतो, मिस्टर म्हणतात मेकॅनिकच व्हायचं होतं तर क्लासची फी कशाला भरली, आणि पोरगं म्हणतं अकरावी सोडतो, आयटीआय करतो. तुम्ही विचारलंय की हा नुसता नाद आहे का ह्यात काही करिअर आहे.

आधी एक सांगतो म्हणजे मिस्टरांचा पारा जरा उतरेल. पोराने निवडलेली जोडी येड्यासारखी नाहीये. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगजवळ हाताशी. 118 एनई पण प्रीमियरचीच गाडी, पण तिच्यात निसानचं 1171 सीसीचं इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स. दोन्ही गाड्या मागच्या चाकावर चालणाऱ्या. आणि पद्मिनीच्या अगदी शेवटच्या एस वन मॉडेलमध्ये तर कंपनीने स्वतःच निसानचा गिअरबॉक्स देऊन गिअर खाली फ्लोअरवर आणला होता. अँबॅसडरचं पण तसंच की, नव्वदच्या दशकात जुनं इंजिन बदलून त्यात इसुझूचं 1800 चं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, हे काम कुठल्या गॅरेजात नाही, कंपनीत बसून इंजिनिअर लोकांनी केलेलं. अजून जवळचं उदाहरण द्यायचं तर फियाटचं 1248 सीसीचं डिझेल इंजिन, तेच स्विफ्टमध्ये, तेच इंडिका व्हिस्टामध्ये, तेच पुंटोमध्ये. प्रत्येक वेळी कोणीतरी बसून माउंटिंग कुठं येणार, सायलेन्सरचा पाइप कुठून काढायचा, रेडिएटर केवढा लागेल, हे ठरवलंच असेल ना. म्हणजे तुमचा पोरगा ज्याला इंजिन बदलणं म्हणतो ते काम करायला पुण्यात चाकणला, पिंपरीला माणसं पगारावर ठेवलेली असतात. फक्त ती पान्याने सुरुवात करत नाहीत, मापाने करतात. माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून जरा घरचीच गोष्ट सांगतो.

मी सातवीत असताना मामाकडे पेट्रोलची अँबॅसडर होती. पेट्रोल परवडेना म्हणून तेव्हा बरेच जण करायचे तसं मामाने तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन टाकून घेतलं. पण मिस्त्रीने गिअरबॉक्स जुनाच ठेवला, पैसे वाचतात म्हणून. आता इंजिन एका कंपनीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा म्हणल्यावर बोल्टची भोकं जुळणार कशी, मग मध्ये एक जाड लोखंडी प्लेट बनवली, तिला एका बाजूला इंजिनची भोकं आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. गाडी सुरू झाली, पेढे वाटले, सगळे खूश. नवरात्रात आख्खं घर गाडीत कोंबून तुळजापूरला निघालो आणि घाटाच्या अलीकडंच क्लचमधून खडखड, गाडी जागेवर. नवीन क्लच प्लेट टाकली, दोन महिन्यात परत तेच, प्लेटच्या मधला भाग तडकलेला. मिस्त्री म्हणायचा माल डुप्लिकेट येतोय. शेवटी मामाने अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टर्नरला दाखवलं. त्या माणसाने काय केलं, गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या मागच्या फिरत्या चाकावर, डायल गेज म्हणजे काट्याचं मापयंत्र लावलं, त्याचं टोक त्या जाड लोखंडी प्लेटच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि इंजिन हाताने हळूहळू एक फेरा फिरवलं. काटा चाळीस घरं हलला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे 0.40 मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या चार-पाच पट. डोळ्याला दिसतसुद्धा नाही ते. पण इंजिनचा फिरणारा दांडा, क्रँक, एका रेषेत आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट जरा बाजूच्या रेषेत, मग प्रत्येक फेऱ्याला मधल्या क्लच प्लेटची मान मोडायची, मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. त्याने भोक नव्याने बोअर केलं, जागा पक्की धरणाऱ्या डोव्हेल पिना टाकल्या आणि गाडी पुढं कितीतरी वर्षं चालली. माझ्या डोक्यात मेकॅनिक आणि इंजिनिअर ह्यातला फरक तेव्हापासून त्या काट्यावर अडकलाय. त्या टर्नरकडे डिग्री नव्हती, हे पण मिस्टरांना सांगा.

तुमच्या पोराने इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं घ्यायचं ठरवलंय म्हणजे क्लचचं दुखणं मुळातच राहत नाही, हे त्याने स्वतः ठरवलं असेल तर मला तो आवडला. मिस्त्रीने सांगितलं असेल तर मिस्त्री चांगला आहे. पण बाकीचं दुखणं उरतंच. ऑइलचं चेंबर खालच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीला, लागतं का, स्टिअरिंगचे रॉड आडवे येतात का, गिअरबॉक्सची लांबी बदलली की मागच्या चाकांकडं ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून परत बॅलन्स करावा लागतो, फ्लोअरला गिअरसाठी भोक पाडावं लागतं, स्पीडोमीटरची केबल. आणि रेडिएटर, आपल्याकडं मे महिन्यात 42-43 डिग्रीला मोहोळपर्यंत जाऊन आलं की कळतं कूलिंग पुरतंय का नाही, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी ट्रायल घेऊन काही उपयोग नाही.

आता कायद्याचं, हे मिस्त्री लोक कधीच सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने गाडी जशी दिली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच परत ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन खराब झालं म्हणून बदललं तर आरटीओत कळवून नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवून घेता येतो, त्याला इंजिन घेतल्याचं बिल लागतं, भंगारातून बिनबिलाचं उचललं तर ते चोरीचं नाही हे कोण सांगणार. पण आरसीवर 1089 आणि बॉनेटखाली 1171 हे वेगळं प्रकरण आहे. गाडीला 15 वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी रिन्यू करताना साहेब चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बघतोच. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच काढतात, आमच्या नात्यात एकाचा क्लेम ह्याच कारणाने लटकला. म्हणून 'लोकांच्या गाड्यांची इंजिनं बदलून देणार' हा धंदा म्हणून पोराला मी सांगणार नाही. रस्त्यावर न येणारी गाडी, कॉलेजच्या पोरांची रेसची गाडी, शेतातलं मशीन, तिथं गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे ह्याच कामाचा कायदेशीर भाऊ सध्या वाढतोय. जुन्या गाडीत मंजूर झालेलं सीएनजी किट किंवा इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरीचं किट बसवता येतं, किट पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास झालेलं पाहिजे, बसवणारा अधिकृत पाहिजे आणि आरसीवर नोंद पाहिजे. काम तेच की ओ, माउंटिंग, रेषा, वजन, वायरिंग. आणि सोलापुरात काही नाही असं पोराला वाटत असेल तर त्याला सांगा, जगभरच्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आपल्याच गावची, त्यांनी पण छोटे टेम्पो इलेक्ट्रिक करायच्या कामात हात घातलाय. किर्लोस्कर फेरसच्या इथल्या फाउंड्रीत इंजिनचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. इंजिनचं पोट कसं बनतं हे बघायला पुण्यालासुद्धा जायची गरज नाही.

आता शिक्षणाचा हिशोब. घरात भांडण ह्यावरच आहे ना, मग वर्षं मोजा. आत्ता अकरावी पुरी करून पुढच्या जूनला दहावीच्या मार्कांवर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गेला तर तिथून तीन वर्षं. बारावी सायन्स करून डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला गेला तर बारावीचं एक आणि डिप्लोमाची दोन, तीच तीन वर्षं. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड करून डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला गेला तर चार, पण हातात ट्रेडचं सर्टिफिकेट जास्तीचं, आणि अप्रेंटिस म्हणून एसटीच्या वर्कशॉपपासून कंपन्यांपर्यंत दारं उघडी. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतंच, म्हणजे मिस्टरांचं स्वप्न पण कुठं पळून जात नाही. आणि एक गोष्ट त्यांना हळूच सांगा, आरटीओतला सहायक मोटार वाहन निरीक्षक, ती एमपीएससीची परीक्षा मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलच्या डिप्लोमावर देता येते. इंजिन नंबर तपासणारा साहेब तो हाच.

ह्यातलं कुठलं निवडायचं हे मी इथं बसून ठरवणार नाही, पोराकडूनच काढून घेऊ. आजोबांना सांगा इंजिनचे पैसे सध्या राहू देत, पोराला एक बरा व्हर्निअर आणि मीटर टेप घेऊन द्या. दिवाळीच्या सुट्टीत त्याने पद्मिनीचं इंजिन न उतरवता सगळी मापं वहीत उतरवायची, माउंटिंगची भोकं, क्रॉस मेंबरपासून चेंबरचं अंतर, प्रोपेलर शाफ्टची लांबी. मग एनई कुठं उभी असेल तिची तीच मापं. आणि एक गणित. समजा चाकाचा घेर 1.9 मीटर, टॉप गिअर सरळ 1 ला 1, मागच्या क्राऊन पिनियनचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचा, रेशो 4.3. इंजिन 3000 ला फिरतंय तर 3000 भागिले 4.3, म्हणजे चाक मिनिटाला साधारण 698 वेळा फिरलं, गुणिले 1.9, गुणिले 60, ताशी 80 किलोमीटरच्या आसपास. रेशो 3.5 असता तर तेवढ्याच आरपीएमला 98. आता ह्याच गाडीच्या खऱ्या मापांनी त्याने हे करून दाखवायचं, आणि घाटात काय होईल ते पण सांगायचं. फिजिक्सच्या पुस्तकात हेच आहे, फक्त तिथं पद्मिनी नाहीये म्हणून त्याला कंटाळा येतो.

वही भरली, रात्री जागून भरली, तर बारावीचा हट्ट सोडा आणि सरळ मेकॅनिकल डिप्लोमाला घाला, बारावीत गटांगळ्या खाण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये तो उजळेल. दोन पानं लिहून वही गाडीच्या डिकीत पडली आणि हा परत गॅरेजात पाने द्यायला गेला, तर विजापूर रोडचंच सरकारी आयटीआय, मोटर मेकॅनिकपेक्षा मी टर्नर किंवा मशिनिस्ट म्हणेन, पण मोटर मेकॅनिकवर अडला तर ते पण चालेल, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. वही कोरीच राहिली तर मला परत लिहा, मग नाद आहे असं धरून बोलू.

गॅरेज बंद करू नका, रविवारपुरतं ठेवा. फक्त साखळीला टांगलेल्या इंजिनखाली हात घालायचा नाही आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली झोपायचं नाही, हे मिस्त्रीला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, पोराकडून निरोप पाठवू नका. 18 पूर्ण होईपर्यंत ट्रायल मारायला स्टिअरिंग पण नाही.

आणि आजोबांना विचारून पद्मिनीचं आरसी बुक शोधून ठेवा, रिन्यूअल कधी संपलंय ते बघा आणि त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी जुळतो का ते पोराला टॉर्च घेऊन बघायला लावा. इतक्या जुन्या गाडीत तो कधीच बदललेला नसेल असं काही नाही.