मोटर उलटी फिरवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : थ्री फेज मोटर जोडल्यावर उलटी फिरू लागली. तिन्ही वायरी एकेक जागा पुढे सरकवून पाहिल्या, तरी फरक पडला नाही. मोटरमध्ये काही दोष असेल का?

मोटर निर्दोष आहे. तीन फेजचे प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांच्या अंतराने येतात आणि ज्या क्रमाने येतात त्या दिशेने स्टेटरमधील, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातील, चुंबकीय क्षेत्र फिरते. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या मागे ओढला जातो. क-ख-ग हा क्रम आपण ख-ग-क असा केलात, म्हणजे चक्र तेच राहिले, फक्त मोजणीची सुरुवात बदलली. कोणत्याही दोनच वायरींची अदलाबदल केली की क्रम उलटतो. स्टार-डेल्टा स्टार्टर (सुरू होताना मोटरचा प्रवाह कमी ठेवणारा) असेल, तर ही अदलाबदल स्टार्टरच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला करावी. मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींपैकी कोणत्या तरी दोन बदलल्यास वाइंडिंगची (तारेच्या वेटोळ्यांची) आतली जुळणीच बिघडण्याची भीती असते.

प्रश्न : सिंगल फेज मोटरचे फेज आणि न्यूट्रल बदलले, तरी ती पूर्वीसारखीच फिरते. असे का?

या मोटरमध्ये मेन आणि स्टार्टिंग अशी दोन वाइंडिंग असतात. कॅपॅसिटरमुळे स्टार्टिंग वाइंडिंगमधील प्रवाह मेनच्या पुढे धावतो, आणि या पुढे-मागे असण्यावरच फिरण्याची दिशा ठरते. फेज-न्यूट्रल बदलल्याने दोन्ही वाइंडिंगमधील प्रवाह एकदमच उलटतात, त्यामुळे त्यांचे आपापसांतले नाते तसेच राहते. (५० हर्ट्झचा पुरवठा तसाही सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलत असतो, आपण त्यात एकाची भर घातलीत इतकेच.) दिशा बदलायची असेल, तर दोहोंपैकी एकाच वाइंडिंगची टोके उलटावी लागतात.

चार टोके बाहेर काढलेली असतील, तर हे काम पाच मिनिटांचे आहे. तीनच असतील, तर पुरवठा तोडावा, कॅपॅसिटर डिस्चार्ज करून सोडवावा आणि मल्टिमीटरने प्रत्येक दोन टोकांमधला रोध मोजावा. समजा १२, ३० आणि ४२ ओहम असे आकडे आले. ज्या दोन टोकांमध्ये ४२ ओहम मिळाले, त्यांच्याखेरीज उरलेले तिसरे टोक कॉमन, म्हणजे दोन्ही वाइंडिंग आत जिथे जोडलेली आहेत ते. त्यापासून १२ ओहम दाखवणारे मेन आणि ३० ओहम दाखवणारे स्टार्टिंग. अशा मोटरमध्ये आतला सांधा उघडून चौथे टोक बाहेर घेण्यावाचून उपाय नाही, आणि ते काम रिवाइंडिंग करणाऱ्याकडेच द्यावे. आकडे २०, २० आणि ४० असे आले, तर मात्र दोन्ही वाइंडिंग सारखी आहेत. मग कॅपॅसिटर दोन बाहेरच्या टोकांमध्ये जोडावा, पुरवठ्याची एक वायर कॉमनला द्यावी आणि दुसरी चेंजओव्हर स्विचने कधी या, तर कधी त्या टोकाला. कपडे धुण्याच्या अनेक यंत्रांत ड्रम दोन्ही दिशांना याच युक्तीने फिरतो. असमान वाइंडिंगच्या मोटरवर ही युक्ती करून पाहू नये: ती उलटी फिरते खरी, पण बारीक तारेचे वाइंडिंग थेट पुरवठ्यावर राहून तापते. उमेदवारीच्या काळात मी हे एक वाइंडिंग जाळून शिकलो.

प्रश्न : खेळण्यातील मोटर सेलची टोके बदलताच उलटी फिरते, मग हातड्रिलची का फिरत नाही?

खेळण्यातील मोटरमध्ये कायमचे चुंबक असते. सेल उलटा केला की आर्मेचरचा (फिरणाऱ्या वाइंडिंगचा) प्रवाह उलटतो, पण चुंबक तसेच राहते. ड्रिलच्या युनिव्हर्सल मोटरमध्ये चुंबकाच्या जागी फील्ड वाइंडिंग असून ते आर्मेचरशी सिरीजमध्ये जोडलेले असते, म्हणून दोन्ही एकदम उलटतात. तेथे फक्त कार्बन ब्रशांकडे जाणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल करावी. मात्र ब्रशांची बैठक एकाच दिशेसाठी साधलेली असल्यास उलट्या फिरकीत ठिणग्या वाढतात, आणि नुसत्या आट्यांवर बसवलेला चक (ड्रिलचे पाते धरणारा भाग) सुटू लागतो.

प्रश्न : चालू मोटर न थांबवता थेट उलट दिशेला टाकली तर चालेल का?

थ्री फेज मोटर उलटेल, पण त्या क्षणी रोटर एकीकडे आणि चुंबकीय क्षेत्र दुसरीकडे फिरत असल्यामुळे, सुरू होतानाच्या आधीच कित्येक पट असलेल्या प्रवाहापेक्षाही अधिक प्रवाह ओढला जातो. त्या हिशेबाने निवडलेली मोटर आणि स्टार्टर नसेल, तर आधी थांबवावे हेच बरे. पुढच्या आणि मागच्या दिशेचे कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच) एकाच वेळी ओढले गेले, तर दोन फेज थेट एकमेकींना भिडतात. म्हणून प्रत्येकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा एनसी (एरवी मिटलेला, कॉन्टॅक्टर ओढला की उघडणारा) कॉन्टॅक्ट घालावा आणि शिवाय दोन्ही एकदम ओढले जाऊ न देणारे यांत्रिक इंटरलॉकही बसवावे. एकावर विसंबून दुसरे वगळू नये.

सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग वाढला की आपोआप उघडणारा) असलेली सिंगल फेज मोटर तर दादच देत नाही. वेग घेतल्यावर तिचे स्टार्टिंग वाइंडिंग सुटलेले असते, त्यामुळे त्याची टोके बदलली तरी ती आहे त्याच दिशेने फिरत राहते. बंद केल्यावर वेग उतरताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो स्विच पुन्हा मिटल्याचा. त्यानंतर मोटर पूर्ण थांबू द्यावी आणि मगच उलट दिशा द्यावी.

प्रश्न : छोट्या पंख्याच्या मोटरला दोनच वायरी आहेत आणि कॅपॅसिटर नाही. तिची दिशा कशी बदलावी?

तिच्या ध्रुवांच्या एका कडेला तांब्याची जाड कडी दिसत असेल, तर ती शेडेड पोल मोटर आहे. तिच्यात क्षेत्र नेहमी कडी नसलेल्या भागाकडून कडीकडे सरकते, म्हणून वायरी कशाही जोडल्या तरी दिशा बदलत नाही. बांधणीत जागा असेल, तर मोटर खोलून स्टेटर पुढचा मागे असा फिरवून बसवता येतो.