धंदा बुडाल्यावर पुन्हा स्टार्टअप उभारून विकणं कुणाला जमलंय का?

जमलंय, आणि एकाच माणसाला दोनदा. कॅनडाचा स्टुअर्ट बटरफिल्ड. त्याचा 'गेम नेव्हरएंडिंग' हा ऑनलाइन गेम चाललाच नाही. मग त्याच कामातून फोटो शेअर करण्याचा भाग उचलून 'फ्लिकर' झालं आणि २००५ मध्ये याहूने ते विकत घेतलं.

शहाणा माणूस गेमच्या वाटेला पुन्हा गेला नसता. हा गेला! 'ग्लिच' नावाचा दुसरा गेम काढला, तोही २०१२ च्या अखेरीस बंद. बहुतेक टीमला घरी पाठवावं लागलं. पण गेम बनवताना वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या लोकांनी आपसात बोलायला स्वतःपुरतं एक चॅटचं साधन जुळवलं होतं, ज्यात जुनं बोलणंही शोधता यायचं. तेच पुढे 'स्लॅक' हे ऑफिसातल्या टीमसाठीचं चॅट अॅप झालं. सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरला घेतलं.

लोक एक गोष्ट विसरतात: ग्लिच बंद केला तेव्हा गुंतवणूकदारांचे काही पैसे बँकेत शिल्लक होते. गळ्यापर्यंत कर्ज होईस्तोवर तो ओढत बसला नाही. तुमचं दुकान बंद होत असेल, तर त्यातलं काय तुम्ही स्वतः रोज वापरत होतात, ते आधी बघा.