सासऱ्यांची ट्रंक

प्रश्न : आमचे सासरे आकाशवाणीसाठी आणि दोन-तीन मराठी पिक्चरना संगीत द्यायचे. आता वाडा पाडायला निघालाय आणि माळ्यावरच्या ट्रंकेत नोटेशनच्या वह्या, करारपत्रं, टेपचे स्पूल असं काय काय निघालं. दीर म्हणतात रद्दीत घाला. काय करू?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, दीरांना आधी त्या ट्रंकेपासून लांब ठेवा! वह्यांचा क्रम अजिबात मोडू नका, कारण कुठला कागद कशात खोचलाय त्यावरूनच पुढे कळतं की तो कुठल्या गाण्याचा. 'दार उघडतं – बासरी, 12 सेकंद' असलं खरडलेलं चिठोरं दिसलं तर ते पार्श्वसंगीताचं टिपण असणार, माझ्या मते फेअर नोटेशनपेक्षा तेच जास्त मोलाचं. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, लॅमिनेशन बिलकुल नको, सेलोटेप तर त्याहून नको. स्पूलला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ते बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि घरी वाजवून बघायचा मोह आवरा, अशी टेप पटकन तुटते.

करारपत्रं मात्र सगळ्यात आधी स्कॅन करा. रचनेचा कॉपीराइट संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं असतो, पण सिनेमाच्या गाण्यांचे हक्क बऱ्याचदा निर्मात्याकडे गेलेले असतात, ते त्या करारपत्रांतच कळेल. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, सिनेमाच्या कागदांबद्दल तिथे विचारा. देताना लेखी द्या आणि त्यात स्पष्ट लिहा, कागद दिले, हक्क नाही.