आफ्रो-रॉकच्या जुन्या व्हिनाइल रेकॉर्ड गोळा करायच्या आहेत. मूळ प्रेसिंग (त्या काळी छापलेली प्रत) घ्यावं की रीइश्यू (नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती), आणि विकत घेताना काय तपासावं?

ऐकायला रीइश्यू आणि हौसेला मोजक्या मूळ प्रती, अशी वाटणी आधीच ठरवून टाका. झांबियाच्या झॅमरॉकपुरतं, म्हणजे तिथल्या सत्तरच्या दशकातल्या रॉकपुरतं बोलायचं तर हे फारच खरं आहे. विच, अमानाझ, मुसी-ओ-टुन्या, एन्गोझी फॅमिली या बँडच्या रेकॉर्ड सत्तरच्या दशकात मुळातच थोड्या निघाल्या. पुढे तांब्याचे भाव कोसळले, लोकांच्या हातात पैसा उरला नाही आणि चोरट्या कॅसेटींनी उरलासुरला बाजार खाल्ला. ज्या प्रती विकल्या गेल्या त्यातल्या बऱ्याचशा साध्या पोर्टेबल प्लेयरवर, झिजलेल्या सुईखाली, पार्ट्यांमध्ये वाजल्या. त्यामुळे 'निअर मिंट' (जवळजवळ नवी) अशी प्रत दिसली तर आनंदाआधी संशय येऊ द्या. विचच्या मूळ एलपीला शेकडो डॉलर पडतात आणि एवढे मोजूनही हातात बहुधा 'व्हीजी'च (व्हेरी गुड, म्हणजे नावाला चांगली पण बरीच वापरलेली) येते.

ओरखड्यांना लोक उगाच घाबरतात. खरा घात खाचांच्या झिजेनं होतो आणि ती फोटोत दिसत नाही. दिव्याखाली तिरकं धरल्यावर काळी चकाकी जाऊन राखाडी छटा दिसली तर खाचा झिजल्या आहेत. पण झॅमरॉकमध्ये गिटारच फझमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलमधून वाजते, मग झीज कोणती आणि फझ कोणता हे कसं कळणार? गायकाचा आवाज ऐका. फझ गिटारपुरता राहतो. झीज असेल तर 'स', 'श' हे उच्चार आणि झांजाही फाटतात आणि लेबलाकडे जाताना ते वाढत जातं, कारण आतल्या वर्तुळात तोच आवाज कमी लांबीच्या खाचेत कोंबलेला असतो. म्हणून विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंच्या शेवटच्या गाण्याची अर्ध्या मिनिटाची क्लिप मागा. पहिलं गाणं सगळेच खुशीनं पाठवतात.

त्याच्याच जोडीला रनआउटचा, म्हणजे लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेल्या अक्षरांचा फोटो मागा आणि डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या सूचीच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी ताडून बघा. कव्हरवरची बारीक अक्षरं धूसर आणि चित्रात जाळीदार ठिपके असतील तर ते बहुधा स्कॅन करून छापलेलं आहे. कव्हरवर मालकाचं नाव, शिक्का, पाण्याचा डाग हे चालतं. मला तर आवडतंच. भोक मध्यावर नसलेली प्रत मात्र टाळा. टोनआर्म डावी-उजवीकडे झुलतो, लांब सूर लाटेसारखे हलतात आणि त्याला घरी सोपा इलाज नाही.

रीइश्यू घेतानाही डोळे उघडे ठेवा. अनेक मास्टर टेप, म्हणजे स्टुडिओतल्या मूळ टेप हरवल्या आहेत, त्यामुळे बरेच रीइश्यू जुन्या रेकॉर्डवरूनच उतरवलेले असतात. गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत किंवा फेड होताना खरखर ऐकू आली आणि साफ केल्यावरही तिथेच राहिली तर ती मूळ प्रतीतूनच आली आहे. नाऊ-अगेन या रेकॉर्ड कंपनीचं काम भरवशाचं: 'वेलकम टू झॅमरॉक' (२०१७) हे दोन भागांचं संकलन आधी घ्या, मग अमानाझचा 'आफ्रिका' (१९७५). त्यांच्या आवृत्तीत या अल्बमची दोन्ही मिक्सिंग आहेत, एक कोरडं, दुसरं रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) भिजलेलं. नायजेरियासाठी साउंडवे कंपनीचं संकलन 'द वर्ल्ड एन्ड्स' (२०१०). आणि कमी पैशात मूळ प्रेसिंगच हवं असेल तर ओसिबिसा. बँड लंडनमधला, १९७१चा पहिला अल्बम मोठ्या कंपनीनं काढलेला, त्यामुळे चांगल्या प्रती अजून सहज मिळतात.

आफ्रिकेतून आलेली रेकॉर्ड न धुता वाजवू नका, धूळ सुईखाली कानसच बनते. चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिटरमागे भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेनंच फिरवा, लेबल कोरडं ठेवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांना हे मिश्रण कधीच नको, अल्कोहोलनं लाख विरघळते. बुरशी असेल तर मास्क लावून गॅलरीत काम करा आणि आतली कागदी पिशवी बदला, नाहीतर बुरशी परत येते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. आणि पीव्हीसीची बाहेरची पिशवी तर मुळीच नको, तिच्यामुळे रेकॉर्डवर न निघणारं धुकं चढतं. पॉलिप्रॉपिलीनची घ्या.

सुईबाबत: ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजवर (सुई धरणाऱ्या भागावर) वेगवेगळ्या सुया बसतात, भार २ ग्रॅम. झिजलेल्या प्रतीवर साधी गोल सुई आणि मायक्रोलाइन (बारीक धारेच्या टोकाची सुई) दोन्ही लावून बघा. मायक्रोलाइन खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, तिथे भिंत शाबूत असली तर तीच प्रत बरीच स्वच्छ वाजते.

ऑर्डर देताना विक्रेत्याला लिहा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, मागे ठेवून पाठवा. आत ठेवून पाठवली की पार्सल आपटताना ती कव्हरची कड फाडते. सीमाशुल्कही किमतीत आधीच धरा.