पाळीव प्रश्न: सापाची अंडी, घरातला इन्क्युबेटर आणि आपले चुळबुळणारे हात

या वेळी पत्रांमध्ये सापांनीच बाजी मारलीये. कुत्र्याच्या पिसवा आणि पोपटाचं पीस उपटणं पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका. मे-जूनमध्ये इंग्लंड-अमेरिकेतले पाळीव कॉर्न स्नेक अंडी घालतात आणि मग आपली माणसं घाबरून मला लिहितात, दरवर्षीचंच आहे हे.

प्रश्न: ताई, लेकीच्या हट्टापायी दोन वर्षांपूर्वी कॉर्न स्नेक घेतला, दुकानदाराने नर म्हणून दिला. काल सकाळी बघतो तर मॉसच्या डब्यात चौदा अंडी! एकटीच आहे हो ती, दुसरा साप आमच्या घरात कधी आलेलाच नाही. ही अंडी खरी असतात का? आणि उबवायची तर कोंबडीसारखी रोज फिरवायची का? सासूबाई भारतातून आल्यात, त्यांनी त्या खोलीत पाय ठेवणं बंद केलंय. (स्लाव, इंग्लंड)

उत्तर: तुम्हाला फोनवर त्याच दिवशी सांगितलं होतं, बाकीच्यांसाठी पुन्हा लिहिते. पहिली गोष्ट, फिरवायची नाहीत. अजिबात नाहीत. पक्ष्याच्या अंड्यात बलक मध्ये धरून ठेवायला दोन पिळदार दोऱ्या असतात, म्हणून कोंबडी दिवसभर अंडी उलटीपालटी करते तरी पिल्लाला काही होत नाही. सापाच्या अंड्यात ती सोयच नसते, गर्भ पहिल्या दिवसा-दोन दिवसांत वरच्या बाजूला कवचाला चिकटतो आणि नंतर अंडं उलटं झालं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून अंडी जशी पडलीत तशीच उचलायची, वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने छोटी फुली मारायची (मार्कर पेन नको, शाई आत झिरपते) आणि ती फुली शेवटपर्यंत आकाशाकडे ठेवायची.

आता नराशिवाय अंडी कशी. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते तशीच मादी सापही देते, आणि ती बहुतेक वेळा वांझोटीच असतात. पण बहुतेक वेळा म्हणजे कायम नाही. साप घेतला तेव्हा मोठा होता का, आधीच्या मालकाकडे नरासोबत होता का हे आठवून बघा, कारण सापाच्या माद्या नराचं बीज शरीरात बराच काळ साठवून ठेवू शकतात. शिवाय नराशिवाय पिल्लं होण्याचा प्रकारही सापांमध्ये आहे, पार्थेनोजेनेसिस म्हणतात त्याला, अमेरिकेतल्या जंगलातल्या कॉपरहेड सापांमध्ये ते 2012 मध्ये सिद्ध झालंय. पण तशी पिल्लं थोडी होतात आणि बरीचशी अशक्त निघतात.

ओळखायचं कसं? चांगलं अंडं पांढरं, टम्म आणि कोरड्या चामड्यासारखं लागतं. वांझोटं पिवळट, लहान, मेणचट. आठवडाभराने खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बाजूला टेकवा, अंडं हलवायचं नाही, टॉर्च न्यायचा. आत गुलाबी उजेड आणि लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसताच पिवळा उजेड दिसला तर नाही.

आणि एक स्पष्टच बोलते. चौदा पिल्लांचं करणार काय? कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो, पिल्लांना पहिल्या दिवसापासून प्रत्येकी वेगळा डबा लागतो आणि रेस्क्यू सेंटरवाले कॉर्न स्नेकचं नाव काढलं की हात जोडतात. उबवायची नसतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच अंडी फ्रीझरमध्ये ठेवायची, हे ऐकायला क्रूर वाटतं पण महिन्याभराने आत पूर्ण वाढलेलं पिल्लू असताना ठेवण्यापेक्षा हजारपट बरं.

आईला मात्र विसरू नका, अंड्यांच्या नादात सगळे तिला विसरतात. हात हलकाच फिरवून पोटात आणखी गाठ लागतेय का बघा, एखादं अंडं अडकलं असेल आणि दोन दिवसांत पडलं नाही तर सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. सगळं नीट असेल तर पाण्याची वाटी आणि नेहमीपेक्षा लहान उंदीर, थोड्या थोड्या अंतराने. कॉर्न स्नेक अंडी राखत बसत नाही, घातली की तिचा संबंध संपला. सासूबाईंना सांगा, बिनविषारी आहे, आणि डब्याच्या झाकणाला क्लिप लावा, तेवढ्याने अर्धी भीती जाते.

प्रश्न: माझ्या बॉल पायथॉनने (आफ्रिकेतला पाळीव अजगर) सहा अंडी घातलीत, सगळी एकमेकांना चिकटलेली, मधल्या एकाला बुरशी आलीये. जुन्या थर्मोकोलच्या फिश बॉक्समध्ये हीट मॅट टाकून इन्क्युबेटर केलाय, पण दुपारी 94 फॅरनहाइटपर्यंत जातो. मित्र म्हणतो तापमान वाढवलं की सगळ्या माद्या होतात, खरंय का? आणि पुढच्या वर्षी कॉर्न स्नेकही घ्यायचा विचार आहे. (अटलांटा)

उत्तर: मित्राला सांगा, ते कासवाचं आणि मगरीचं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी हॅचरीत हलवतात तिथे वाळूच्या उष्णतेवर नर-मादी ठरते, सापाचं लिंग मात्र क्रोमोसोमवर ठरतं, अंडं पडतं तेव्हाच सगळं फिक्स असतं. तापमान वाढवून माद्या मिळणार नाहीत, पाठीचा कणा वाकडा असलेली पिल्लं मिळतील.

94 म्हणजे 34 अंशांच्या वर, हे फार झालं हो. बॉल पायथॉनला 88 ते 90, म्हणजे 31-32 अंश सेल्सिअस पुरे, कॉर्न स्नेकला त्याहून कमी, 27-28. एक लक्षात ठेवा, थंडी झाली तर पिल्लं उशिरा येतात पण उष्णता झाली तर येतच नाहीत. तुमचा घोळ बहुतेक असा आहे की मॅट थेट सुरू आहे आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) नाही, किंवा आहे पण त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, बॉक्सच्या भिंतीला चिकटवलाय. प्रोब अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्या उंचीला ठेवायचा. दुसरा एक डिजिटल थर्मामीटर वेगळा ठेवा, ज्यात दिवसभरातलं कमीत कमी आणि जास्तीत जास्त दिसतं तो, कारण थर्मोस्टॅट स्वतःबद्दल खोटं बोलतो. तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर तापमान एकदम वर-खाली होत नाही. आणि बॉक्स खिडकीजवळ असेल तर आधी तिथून हलवा, दुपारचाच प्रॉब्लेम आहे म्हणजे ऊन येत असणार. अंड्यांचा डबा हलवताना फक्त तिरका होऊ देऊ नका.

ओलावा हा दुसरा मुद्दा, आणि यात आपली माणसं हमखास जास्त पाणी घालतात. व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात तो पाणी धरून ठेवणारा हलका खनिज भुगा) आणि पाणी वजनाने सारखं घ्यायचं, 300 ग्रॅमला 300 मिली, आकारमानाने नाही. नीट कालवलं की मोड आणायला बांधलेल्या मटकीच्या फडक्याइतकं ओलं लागलं पाहिजे, मूठ दाबली तर एखाद-दोन थेंब, धार नाही. अंडी त्यात अर्धी रुतवून ठेवायची, झाकणाला दोन-चार बारीक भोकं, बस. झाकणाला आतून थेंब धरतात ते अंड्यावर टपटपू देऊ नका, डब्याला तिरपं झाकण करता येत नसेल तर आठवड्यातून एकदा झाकण उघडून पुसून काढा, त्यातच हवाही बदलते. पाणी कमी वाटलं तर कडेने घाला, अंड्यावर नाही.

बुरशी आलेलं अंडं चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका, शेजारच्याचं कवच फाटेल. आतून मेलेल्या अंड्यालाच बहुधा बुरशी धरते, जिवंत अंडं तिला बऱ्यापैकी दाद देत नाही. वरची बुरशी कोरड्या इअरबडने हळूच पुसा आणि सोडून द्या. अंडी सुटी करायचीच असतील तर ती पहिल्या काही तासांत, आता वेळ गेली, आणि तसंही गठ्ठा तसाच ठेवून उबवला तरी काही बिघडत नाही. बॉल पायथॉनची आई स्वतःही त्या गठ्ठ्याला वेटोळं घालून बसते आणि ओलावा टिकवते. अंग थरथरवून उष्णता तयार करणारी ती बर्मीज पायथॉन, बॉल पायथॉन नाही.

कॉर्न स्नेकबद्दल: तुमच्या जॉर्जिया राज्यात तो जंगलात राहणारा देशी साप आहे आणि तिथे बिनविषारी देशी साप पाळायला बंदी आहे. आफ्रिकेतला पायथॉन चालतो, अंगणातला कॉर्न स्नेक चालत नाही, गंमतच आहे, पण नियम तो नियम.

प्रश्न: कॉर्न स्नेकच्या अंड्यांचा आज 60वा दिवस. गेले आठ दिवस अंडी खड्डा पडल्यासारखी दिसतायत. काल दोन अंड्यांना चीर गेली, एकातून नाक बाहेर आलं आणि परत आत गेलं! बाकीची शांत. मिस्टर नखांची कात्री घेऊन तयार बसलेत. काय करू? (लीड्स)

उत्तर: कात्री काढून घ्या.

शेवटच्या एक-दोन आठवड्यांत अंडं चेपणं नॉर्मल आहे (हेच महिन्याभरात झालं असतं तर कोरडं पडलंय म्हणून काळजी केली असती). पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक बारीक दात असतो, फक्त या एका कामासाठी, नंतर गळून जातो. त्याने ते कवच आतून कापतं, ब्लेडने मारल्यासारख्या एक-दोन सरळ चिरा दिसतात, कधी तीन-चार, कारण पहिली मनासारखी जमत नाही. चिरेतून चिकट पातळ द्रव येतो, त्यावर बुडबुडा धरतो, मग नाकपुड्या दिसतात. आणि तुम्ही वाकून बघितलंत, उजेड पाडलात की ते परत आत. ते घाबरलंय एवढंच, अडकलेलं नाही. या काळात ते पहिल्यांदा हवेतून श्वास घेत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, याला दिवस-दीड दिवस, कधी दोन दिवस लागतात. ओढून बाहेर काढलंत तर बलक बाहेरच लोंबतो, नाळेच्या शिरा तुटतात, आणि छान वाढलेलं पिल्लू तुमच्या हातात मरतं.

बाकीची शांत आहेत म्हणून लगेच धीर सोडू नका. कॉर्न स्नेकला 55 ते 65 दिवस लागतात, तुमचा इन्क्युबेटर एखाद अंश थंड असेल तर आणखी पुढे. पहिल्या चिरेनंतर दोन दिवस झाले आणि एखादं टम्म, पांढरं अंडं तरीही गप्प असेल तेव्हा कापायचं की नाही यावर पाळणाऱ्यांमध्येच दोन गट आहेत. काही जण सगळीच अंडी छोटी खिडकी करून उघडतात. मला ते पटत नाही, कवच फोडण्याइतकं बळ नसलेलं पिल्लू पुढे उंदीरही नीट खात नाही असा माझा अनुभव. तरी करायचंच असेल तर वरच्या बाजूला, चिमटीत कवच उचलून, शिरा टाळून अगदी छोटी चीर, आणि मग हात मागे.

बाहेर आलेली पिल्लं वीतभर-दीड वीत लांब असतात. प्रत्येकाला वेगळा डबा, ओला पेपर टॉवेल, लपायला टॉयलेट रोलचं नळकांडं. एकत्र ठेवू नका, भावंडाला गिळायलाही कमी करत नाहीत. पहिली कात आठवडा-दहा दिवसांत टाकतात, तोपर्यंत खायला द्यायची घाई नको, पोटात बलक आहे. कात टाकल्यावर वितळवून कोमट केलेला पिंकी, म्हणजे नुकताच जन्मलेला उंदीर, रात्री डब्यात ठेवायचा आणि निघून जायचं. पहिल्या वेळी न खाणं अगदी कॉमन, चार-पाच दिवसांनी परत प्रयत्न करा.

प्रश्न: उसाच्या पाचटाखाली वीसेक अंडी सापडली, लांबट, मऊ, एकमेकांना चिकटलेली. मुलगा व्हिडिओ बघून म्हणतो बल्बखाली उबवू. घोणसाची असतील का? (सांगली)

उत्तर: घोणसाची नाहीत, घोणस आणि फुरसं थेट पिल्लं घालतात. पालीची अंडी गोल, कडक आणि बहुधा दोन-दोन असतात, म्हणजे ही बहुधा सापाचीच, पण नागाची की धामणीची की दिवडाची हे नुसतं बघून तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच विष घेऊन, आणि नागीण आसपास असू शकते. त्यामुळे पाचट परत जसंच्या तसं टाका, मजुरांना तिथे खूण करून सांगा आणि वनविभागाला 1926 वर फोन करा, कापणी थांबवता येत नसेल तर मुद्दाम सांगा, अंडी हलवायची की नाही ते ठरवतील. मुलाला ओरडू नका, पण 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार देशी सापाची अंडी घरी आणणंही गुन्हा आहे हे त्याला कळायला हवं. साप बिनविषारी निघाला म्हणून सुटका होत नाही.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे. एक जण बॉल पायथॉनची जोडी देतोय, म्हणतो परदेशी साप आहे त्यामुळे भारतात कसलाच कागद लागत नाही, पिल्लं विकून पैसे वसूल होतील. घेऊ का? (पुणे)

उत्तर: अरे, कागद लागत नाही म्हणणाऱ्याकडे कागद नसतात. बॉल पायथॉन सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे, 2022च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत आणि 2024च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. जोडी हस्तांतर झाली तरी कळवायचं, पिल्लं जन्मली तरी कळवायचं. विकणाऱ्याला म्हण, आधी तुझ्या नावावरचं नोंदणी प्रमाणपत्र दाखव. दाखवलं नाही तर निघून ये, आणि होस्टेलच्या खोलीत उन्हाळ्यात लाइट गेल्यावर इन्क्युबेटरचं काय करणार हेही त्यालाच विचार.