मंजूर झालेली खार

‘ताई, मी अठ्ठावीस वर्षांची, एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कॅरॅक्टर डिझायनर आहे. लहान मुलांच्या नव्या मालिकेसाठी पाच प्राणी काढायचे होते, चार मुलगे आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे मेकॅनिक खार. मी ती गोलमटोल काढली, पुढचे दात बाहेर, शेपटीला ग्रीस. दिग्दर्शकांचा शेरा आला : “मुलगी आहे हे कळत नाही. पापण्या दे, कंबर दे, जरा गोड कर.” दोनदा वाद घातला, तिसऱ्यांदा मुकाट्याने करून दिली. डिझाइन मंजूर झालं, सगळ्यांनी कौतुक केलं आणि मला घरी येऊन रडू फुटलं. सहकारी म्हणतात, कार्टून तर आहे, एवढं काय! नोकरी सोडू का? की मीच फार मनाला लावून घेतेय?
– खारीची आई’

प्रिय खारीच्या आई,

नोकरी सोडू नकोस. निदान या खारीपायी तरी नको. आणि मनाला लागलं म्हणून स्वतःला बोल लावत बसू नकोस. ‘कार्टून तर आहे’ म्हणणारे हेच सहकारी नायकाच्या भुवईवर अख्खी दुपार घालवत असणार, पैज लाव. तेव्हा बरं कुणाला आठवत नाही की हे नुसतं कार्टून आहे!

दिग्दर्शकांचं एक म्हणणं मला पटतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला पात्र चटकन ओळखता आलं पाहिजे. प्रश्न एवढाच की काय म्हणून ओळखायचं? बाकीच्या चौघांत कुणी दांडगट असेल, कुणी भित्रा, कुणी खादाड. खार मात्र ‘मुलगी’. म्हणजे मुलग्यांच्या वाट्याला स्वभाव आणि हिच्या वाट्याला फक्त मुलगी असणं. त्या पापण्या दिसायला निरुपद्रवी असतात गं, पण त्या एकटीलाच दिल्या की पापण्या नसलेला प्रत्येक प्राणी आपोआप मुलगा ठरतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूई’ या ऑस्ट्रेलियन मालिकेची नायिका निळी कुत्री आहे. ना रिबन, ना पापण्या. कित्येक प्रेक्षक आधी तिला मुलगाच समजतात, आणि मालिकेचं त्याने काहीही बिघडलेलं नाही. मराठी-हिंदीत तर ती ‘मी आले’ किंवा ‘मैं आ गई’ म्हणाली की विषय संपला.

खरं दुखणं चित्राच्या आधीचं आहे. पाचात एकच मुलगी असली की तिला जगातल्या सगळ्या मुलींच्या वतीने उभं राहावं लागतं, मग ती मुलगी ‘दिसलीच’ पाहिजे. १९९१ साली काथा पॉलिट या अमेरिकन लेखिकेने न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये या प्रकाराला ‘स्मर्फेट तत्त्व’ असं नाव दिलं. स्मर्फेट म्हणजे स्मर्फ नावाच्या निळ्या बुटक्यांच्या गावातली एकुलती एक मुलगी, १९६६ च्या बेल्जियन कॉमिकमधली. तिला घडवलं ते गावाच्या शत्रूने, स्मर्फांमध्ये गोंधळ माजवायला. आधी ती काळ्या केसांची होती, तेव्हा कुणी तिला भाव देत नव्हतं. मग गावच्या म्होरक्याने तिचं रूप पालटलं, केस सोनेरी केले आणि सगळे तिच्यामागे लागले. तुझ्या स्टुडिओतल्या शेऱ्याचं मूळ किती जुनं आहे बघ.

आता पुढच्या वेळचं. मीटिंगमध्ये ‘हे स्त्रियांना कमी लेखणारं आहे’ असं म्हणालीस की समोरचा स्वतःची बाजू सावरायला लागतो आणि खार बाजूलाच राहते. तू कलाकार आहेस, कलेच्या अंगाने भांड. पाचही पात्रांच्या नुसत्या काळ्या सावल्या शेजारी शेजारी ठेव आणि विचार, यातलं इंजिन कोण उघडेल? मग एक्स्प्रेशन शीट काढ. तोंडात अक्रोड कोंबून हसणारी, शिंकणारी, चिडून लालबुंद झालेली, घाबरून चपटी झालेली, असं सगळं दोन्ही खारींवर करून दाखव. जिला सतत गोड राहायचं आहे तिच्या चेहऱ्याला अभिनय करताच येत नाही, हे शीटवर आपसूक दिसेल. २०१३ मध्ये डिस्नेच्या ‘फ्रोझन’ या चित्रपटाच्या अ‍ॅनिमेशन प्रमुखांनी मुलाखतीत साधारण हेच सांगितलं होतं : स्त्रीपात्रं अवघड जातात, कारण त्यांना नाना भावना दाखवायच्या असतात आणि तरी सुंदरही ठेवायचं असतं. गदारोळ झाल्यावर स्टुडिओने ‘संदर्भ सोडून छापलं’ असा खुलासा केला. मला विचारशील तर ते बिचारे धंद्यातली अडचणच बोलून गेले. अडचण कुणी निर्माण केली, एवढंच सांगायचं राहिलं.

‘खेळणी खपायला हवीत’ हा मुद्दा निघेलच. त्याच वर्षी डिस्नेने ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाची नायिका मेरिडा हिला राजकन्यांच्या ताफ्यात घेताना तिची कंबर बारीक केली, खांदे उघडे टाकले आणि धनुष्यबाण काढून घेतला. मेरिडाची निर्माती आणि चित्रपटाची सहदिग्दर्शिका ब्रेंडा चॅपमन हिने उघड विरोध केला, निषेधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. म्हणजे गिऱ्हाइकालाही मूळची मुलगी आवडलेली असू शकते, एवढं तुझ्या दिग्दर्शकांच्या कानावर घाल.

तिसऱ्यांदा तू मान तुकवलीस, त्याची लाज बाळगू नकोस. दोनदा बोललीस हेही त्या खोलीत बहुधा नवीन असेल. मात्र जुनी खार रागाच्या भरात इंटरनेटवर टाकू नकोस. नोकरीत काढलेलं चित्र सहसा स्टुडिओच्या मालकीचं असतं, आधी करार वाच. दोन-तीन मालिकांनंतरही हेच चालू राहिलं, तर दुसरा स्टुडिओ शोधायला माझी ना नाही.

आणि यापुढे दिग्दर्शकांच्या आधी लेखकाला गाठ. पात्रांची यादी तुझ्या टेबलावर येते तेव्हा चारास एक हा हिशेब ठरून गेलेला असतो. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अ‍ॅनिमेशन मालिकेतली टॉफ आधी दणकट मुलगा म्हणून योजली होती. लेखनाच्या टप्प्यावर तिची आंधळी, तोंडाळ, डोंगर हलवणारी पोरगी झाली आणि २००६ च्या दुसऱ्या पर्वात ती भाव खाऊन गेली. तुमच्या त्या चौघांतला दांडगट मुलगी का नसावा, एवढंच विचार. चित्रातली एक रेघही बदलू नका म्हणावं, फक्त नाव आणि आवाज बदला. संहिता पक्की व्हायच्या आत विचार म्हणजे झालं.

तुझी,
ताई